पुसलेला ठिपका

आधी डोळे मिटा.

घाबरू नका, रात्र नाही. भर दुपार आहे. उन्हाळ्याची सुट्टी, दीड वाजलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. एका लांबट खोलीत ओळीने सात सतरंज्या घातल्या आहेत आणि त्यांवर सात माणसं झोपली आहेत. छताचा पंखा कुरकुरतो आहे.

दिसली खोली?

आता दाराकडून मोजा. पहिली आई. तिला दम्याचा त्रास, म्हणून वाऱ्याची जागा तिची. मग बाबा. मग धाकटा, वय वर्षं पाच. मग मुंगी, वय दहा. अंगाने लहान आणि सदा कशात तरी गुंतलेली, म्हणून हे नाव. मग तिचा चुलतभाऊ ढब्बू. मग काकू. आणि पार भिंतीशी काका, घोरत.

सात झाले ना? हा आकडा विसरू नका.

ही गोष्ट खरी आहे. मला ती त्या सातांतल्या धाकट्याने सांगितली. आज त्याचे केस माझ्याइतकेच पांढरे आहेत. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की तो उठून जातो. आणि तो दुपारी कधीच आडवा होत नाही. ताप असला तरी खुर्चीत बसून राहतो.

कारण तशाच एका दुपारी... तो जागा होता.

बाबा राईचे राखणदार होते. सकाळी ते सायकली दुरुस्त करायचे, पण लोक त्यांना ओळखायचे ते राईमुळे. गल्लीच्या टोकाला पत्र्याची वर्कशॉपं होती. त्यांच्यामागे एक दगडी कुंपण, आणि कुंपणाच्या आत गर्द झाडी. आत देऊळ नाही, मूर्ती नाही. मधोमध एक काळा, सपाट दगड. तिथे जी होती तिला कोणी नाव दिलं नव्हतं. लोक नुसतं 'राईतली' म्हणायचे, तेही आवाज उतरवून.

आत चप्पल चालत नसे. लोखंड चालत नसे. पडलेली काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नसे.

त्या राईत गुडघ्याएवढं एक झुडूप व्हायचं. त्याला दम्याचं मूळ म्हणत. जमिनीखाली मुठीएवढा कंद, उगाळून गरम पाण्यात दिला की धाप लागलेल्या माणसाला उतार पडायचा. पण कंद काढला की झुडूप गेलं. म्हणून ते घेण्याचा एक नियम होता.

नियम नीट ऐका. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

ज्याला मूळ हवं त्याने स्वतः आत यायचं. काळ्या दगडाजवळच्या ओल्या मातीत बोट बुडवायचं. झुडपांपाशी जाऊन एकेकाच्या पानावर मातीचा ठिपका द्यायचा आणि मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन... सात झुडपं उभी दाखवायची. आठवं सापडलं तर ते आपलं. सापडलं नाही तर हात जोडून परत जायचं. आणि हे लागोपाठ तीन दुपारी करायचं. तिसऱ्या दुपारी राखणदार लाकडी काठीने आठवं उकरून देणार.

मुंगी सहा वर्षांची असताना तिने बाबांना विचारलं होतं, "ठिपका कशाला द्यायचा? नुसतं मोजलं तर?"

"गरजू माणसाला नीट मोजता येत नाही, मुंगे," बाबा म्हणाले. "त्याला एकच झुडूप दोनदा दिसतं. ठिपका असला की चुकायला नको."

"आणि तीन वेळा कशाला?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांनाच हवं असतं. तिसऱ्या दिवसापर्यंत अर्ध्यांना नको होतं. आणि तिलाही आधी कळायला हवं ना." बाबांनी हनुवटीने काळ्या दगडाकडे दाखवलं. "ती पण आपल्याबरोबर मोजते."

"पण बाबा, कोणी ठिपका पुसला तर?"

बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलाच नसावा.

"असं कोणी करत नाही," ते म्हणाले.

बाबांच्या वडिलांच्या काळात आठ झुडपं मोजायला आठ पावलंही लागत नसत. मग लोक बदलले. आजूबाजूच्या राया तुटल्या. तिथली मुळं संपली तशी माणसं कुंपण चढून इथे येऊ लागली, कुदळी आणि पोती घेऊन. बाबा सकाळी आत जायचे आणि खड्डे बुजवत बसायचे. अशी दहा-बारा वर्षं गेली.

त्या उन्हाळ्यात राईत सात झुडपं उरली होती.

सात.

म्हणजे कोणालाच मूळ मिळणार नव्हतं. पोस्टमन आला होता आपल्या बायकोसाठी. तीन दुपारी आला, तीनदा सातवर थांबला, आणि बाबांच्या पायाशी बसून रडला. बाबांनी त्याला पाणी दिलं, घरापर्यंत सोडायला गेले, पण मूळ दिलं नाही. पोस्टमनची बायको पंधरा दिवसांत गेली.

आणि मग आईचा दमा उसळला.

डॉक्टर झाले. पंप झाला. मोठ्या हॉस्पिटलात दोनदा जाऊन आले. आई दाराजवळ उशीला टेकून बसायची आणि प्रत्येक श्वास विहिरीतून काढावा तसा ओढायची.

काकू एकदा बाबांना ऐकू जाईल अशा बेताने भांडी आपटत म्हणाल्या, "दगडाची राखण करून करून माणूस दगडच होतो म्हणायचा."

"मी नाही म्हटलंय का? मोजून आठ निघाली तर देतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

आईनेच हात वर केला. "उगाच का बोलतेस त्यांना. पोस्टमनला... नाही म्हणाले. आता मला... हो म्हटलं, तर त्याच्या दारावरून... कसे जातील हे?"

एवढं बोलायला तिला पाच मिनिटं लागली.

मुंगी कोपऱ्यात बसून हे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर ती उठली. अनवाणीच गेली. राईच्या आत शिरली तेव्हा किर्र आवाज होता, रातकिड्यांचा; त्या गर्द झाडीत ते दिवसाही ओरडायचे. तिने ओल्या मातीत बोट बुडवलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.

ती पुन्हा पहिल्या झुडपापाशी आली. पानावर तिनेच दिलेला ठिपका होता. अजून ओला.

तिने फ्रॉकच्या टोकाने तो पुसला.

आणि त्याच क्षणी... रातकिडे थांबले.

एकदम. कोणी झाकण घालावं तसे.

मुंगीने पुन्हा बोट बुडवलं, त्याच पानावर दुसरा ठिपका दिला आणि म्हणाली, "आठ."

पूर्ण शांतता. पानही हललं नाही.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा गेली. तसंच मोजलं, तसंच पुसलं. तिसऱ्या दुपारीही. मुलगी नियमाची पक्की होती, बघा. काठीसुद्धा लाकडाचीच नेली. एवढा एक ठिपका सोडला, तर तिने सगळं बरोबर केलं.

तिसऱ्या दुपारी "आठ" म्हणून तिने काठी मातीत घातली. कंद हाताला लागला. तो वर येताना तिच्या मागे, अगदी मानेपाशी... कोणीतरी श्वास सोडला.

ती वळली नाही. कंद फ्रॉकमध्ये गुंडाळून पळत सुटली.

संध्याकाळी तिने आईला गरम पाण्याचा पेला नेऊन दिला. आईने एक घोट घेतला आणि थांबली. ती चव तिला ठाऊक होती. तिने मुंगीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग उरलेला पेलाही प्यायली. 

त्या रात्री आई आडवी होऊन झोपली, पुष्कळ दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता सातही जण ओळीने झोपले होते. मुंगी अर्धवट जागी होती. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

मग... ती थांबली.

खोलीत ओल्या मातीचा वास आला. बाहेर ऊन भाजत होतं, महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

आणि दाराकडून... पावलं.

फरशीवर चालल्याचा आवाज नव्हता तो. वाळक्या पानांवर चालल्याचा होता. चुर्र. थांबा. चुर्र. थांबा. प्रत्येक सतरंजीपाशी पाऊल थांबत होतं.

मुंगीला डोळे उघडायचे होते. उघडेनात. आवाज बाबांपाशी आला, धाकट्यापाशी आला, तिच्यापाशी आला. तिच्या कपाळाला एक बोट लागलं. थंड आणि ओलं. मग पावलं ढब्बूकडे गेली, काकूंकडे, काकांकडे.

तिथे संपायला हवं होतं. पुढे भिंत होती.

पण पावलं... परत फिरली. सगळ्यांना ओलांडून दारापर्यंत गेली. मुंगीला एक आवाज ऐकू आला, अगदी हलका. कापड घासल्याचा.

काहीतरी पुसल्याचा.

पंखा पुन्हा कुरकुरायला लागला.

चार वाजता काका उठले आणि आरशासमोर ओरडले, "ढब्ब्या, लेका, माझ्या कपाळाला चिखल फासायला तुला दुसरं तोंड मिळालं नाही?"

"मी नाही," ढब्बू म्हणाला. त्याच्याही कपाळावर ठिपका होता. काकूंच्या कपाळावर होता. धाकट्याच्या, बाबांच्या, मुंगीच्या.

"मग काय उंदराने केलं?" काका म्हणाले. "उंदीर चित्रकलेच्या परीक्षेला बसलाय वाटतं."

सगळे हसले. मुंगी हसली नाही. ती आईकडे बघत होती.

आईच्या कपाळावर मातीचा एक फरकाटा होता, पुसल्यासारखा. आणि त्या फरकाट्यावर एक नवा ठिपका.

बाबांनीही तो बघितला. त्यांचं हसणं ओठांवरच राहिलं.

"बरं वाटतंय का?" त्यांनी आईला विचारलं.

"छान वाटतंय," आई म्हणाली. "धाप अजिबात नाही. मजा सांगू? सकाळपासून श्वास घ्यायची... आठवणच होत नाही."

बाबा चप्पल न घालता बाहेर पडले. परत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती लागलेली होती. त्यांनी दार लावून घेतलं.

"सहा आहेत," ते म्हणाले. "आणि एक खड्डा. कुदळीचा नाही. काठीचा."

कोणी विचारायच्या आधीच मुंगीने सगळं सांगितलं. ठिपका कसा पुसला तेही.

बाबा मारतील असं तिला वाटलं. त्यांनी मारलं नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "तिला मोजायला आपणच शिकवतो, मुंगे. आपण जसं मोजून दाखवू, तसंच ती मोजते."

"मग आता?"

 खोलीतल्या प्रत्येकाला नियम पाठ होता. जे आठवं, ते न्यायचं. तीन दुपारी.

स्वयंपाकघरात कंदाचा अंगठ्याएवढा तुकडा उरला होता. बाबांनी तो त्याच खड्ड्यात नेऊन लावला, पाणी घातलं, दगडापुढे डोकं टेकून तासभर बसले. अंधार पडताना त्यांनी माती बाजूला करून बघितलं. तुकडा कोळशासारखा काळा पडला होता.

दुसऱ्या दुपारी कोणी झोपायचं नाही असं ठरलं. काका तर घरी थांबलेच नाहीत, वर्कशॉपात जाऊन वेल्डिंगला बसले. बाकीचे सहा जण भिंतीला टेकून बसले. काकूंनी ढब्बूला पाढे म्हणायला लावले.

"तेरा सत्ते... तेरा सत्ते..." ढब्बू अडला.

पंखा... थांबला.

जागे झाले तेव्हा चार वाजले होते. सहा कपाळांवर सहा ठिपके. थोड्या वेळाने काका आले. ते थट्टा करत नव्हते. मशीन चालू ठेवून ते बाकावर बसल्या बसल्या झोपले होते आणि त्यांच्याही कपाळावर ठिपका होता.

आईच्या कपाळावर फरकाटा होता, कालच्यापेक्षा रुंद. आणि ठिपका.

तिचे पाय गार पडले होते. ती हसत होती, बोलत होती. तिच्या नाकाशी मुंगीने हळूच बोट धरलं. खूप वेळाने एकदा, थोडासा वारा लागला.

रात्री बाबा आणि काका दाराबाहेर बोलत होते. मुंगी उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती.

"उद्या दाराजवळ मी झोपतो," बाबा म्हणाले. "पहिल्या माणसाचाच ठिपका पुसला जातो, तोच आठवा ठरतो. बास."

"आणि राई?" काका म्हणाले. "दादा, तू गेलास तर परवा तिथे कुऱ्हाडी लागतील. वर्कशॉपवाल्यांना जागा हवीच आहे. मला वेल्डिंग येतं. मला ते मोजणंबिजणं जमत नाही."

"मग मी काय करू? बायको देऊ?"

 

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच आस लावून बसणार नाही. ती राई आज नाही. ती सहा झुडपं वर्षभरात एकेक करून वाळली, कोणी हात न लावता. मग झाडं गेली. काळा दगड हलेना, तेव्हा तो भराव टाकून बुजवला. तिथे आता लॉऱ्या उभ्या असतात. दम्याचं मूळ मी कधी बघितलेलं नाही. तुम्हीही बघणार नाही. चित्र काढून ठेवायचंही कोणाला सुचलं नाही. धाकट्याला पानाचा आकार विचारला तर तो हवेत बोट फिरवतो आणि मध्येच थांबतो.

तर, तिसरी दुपार.

एक वाजता सतरंज्या घातल्या गेल्या. बाबांनी आपली दाराजवळ ओढली आणि आईला आत सरकवलं. आईने विरोध केला नाही. तिला तेवढं समजत नव्हतं आता. काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि पहिल्यांदाच बाबांच्या पाया पडल्या. बाबांनी पंख्याकडे बघत डोळे मिटले.

एकेक करून सगळे झोपले. झोपले म्हणजे, झोप त्यांच्यावर येऊन बसली.

धाकटा मात्र झोपला नव्हता. का, ते त्याला आजही माहीत नाही. त्याने पापण्यांच्या फटीतून बघितलं.

मुंगी उठून बसली होती.

तिने पाण्याच्या तांब्यात फ्रॉकचं टोक भिजवलं आणि आधी स्वतःचं कपाळ स्वच्छ पुसलं. मग आईजवळ गेली. आईच्या कपाळावर कालचा फरकाटा अजून होता, कितीही धुतला तरी न गेलेला. मुंगीने तिथे ओठ टेकवले. धाकट्याकडे तिची नजर गेली. त्याचे डोळे उघडे आहेत हे तिला दिसलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

त्याने आवाज दिला नाही. पन्नास वर्षं झाली, का नाही दिला, एवढंच तो स्वतःला विचारतो.

पंख्याची कुरकुर मंद होऊ लागली. दाराच्या फटीतून ओल्या मातीचा वास आत आला.

मुंगीने आपली सतरंजी उचलली. बाबांना धक्का लागणार नाही अशा बेताने त्यांना ओलांडून गेली. दार आणि बाबा यांच्यामध्ये हातभर जागा होती, मोठ्या माणसाला पुरली नसती. तिथे तिने सतरंजी घातली, त्यावर आडवी झाली आणि छातीवर हात ठेवले.

मग बाहेर पहिलं पाऊल वाजलं. चुर्र.

आणि धाकट्याने ऐकलं, मुंगी मोठ्याने मोजत होती. कोणाला तरी धडा पुन्हा समजावून सांगावा तसं, सावकाश, आपल्यापासून सुरुवात करून, एकेका माणसाकडे बोट दाखवत. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

भिंतीशी झोपलेल्या काकांकडे बोट दाखवून ती "सात" म्हणाली, आणि तिथेच थांबली.